समुद्रतळावरील पर्वत : खाणीच्या आधी दीर्घ निरीक्षण हवे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हिंदी महासागराच्या तळाशी असलेल्या अफनासी निकितीन या पर्वतावर कोबाल्टचा शोध घेण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज भारताने जानेवारी 2024 मध्ये जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे, म्हणजे देशांच्या हद्दीबाहेरील समुद्रतळावरच्या खनिजांचे नियमन करणाऱ्या संस्थेकडे, केला. त्यावर जी चर्चा वाचायला मिळाली, ती मुख्यतः दोन मुद्द्यांभोवती फिरत राहिली. कोबाल्ट किती हाती लागेल हा एक, आणि श्रीलंकेने त्याच भागावर सांगितलेल्या हक्काचे काय होणार हा दुसरा. त्या पर्वताच्या उतारांवर आज कोणते जीव राहतात, आणि पुढची पंधरा-वीस वर्षे त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. माझ्या मते हाच प्रश्न पहिला आहे. समुद्री पर्वतावर खाण काढायची की नाही, हे ठरवण्यापूर्वी त्याचे अनेक वर्षांचे सलग, स्वतंत्र आणि लोकांना पाहता येईल असे निरीक्षण झाले पाहिजे, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नागपूरच्या माणसाने समुद्रतळाची चिंता का वाहावी, असे कोणी विचारू शकेल. त्याचे एक उत्तर आपल्या पायाखालीच आहे. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स ज्या काळ्या बेसाल्टच्या आहेत, तो बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यातून आला. हा लाव्हा पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्थानावरून वर आला, ते आज मादागास्करच्या पूर्वेला रीयुनियन बेटाखाली आहे, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. भारतीय उपखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि त्या स्थानावरून येणारा लाव्हा समुद्राच्या तळावर ओतला जात राहिला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस यांच्या खाली असलेली लांबच लांब पर्वतरांग त्यातूनच घडली. अरबी समुद्रात, आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून बऱ्याच आत, लक्ष्मी खोरे नावाचा खोल भाग आहे. त्यात रामन, पणीक्कर आणि वाडिया या भारतीय शास्त्रज्ञांची नावे दिलेले बुडालेले ज्वालामुखीय पर्वत आहेत. भूगर्भशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना सीताबर्डीचा दगड हातात घेऊन पाहायला सांगत असे, तेव्हा या सगळ्या पाण्याखालच्या नातेवाइकांची नावेही आवर्जून सांगत असे.

दुसरे उत्तर खाणींचे आहे. मनसर, कांद्री, गुमगाव येथे शंभर वर्षांहून अधिक काळ मँगनीज निघत आहे. कोळसा तर आपल्या आसपास सगळीकडेच आहे. खाण गावाला काय देते आणि गावाकडून काय घेते, हे विदर्भाला कोणी पढवून सांगण्याची गरज नाही. म्हणून समुद्रातल्या खाणीविषयी बोलण्याचा आपला अधिकार मुंबई किंवा गोव्याच्या माणसापेक्षा कमी नाही.

समुद्रतळापासून साधारण हजार मीटर किंवा त्याहून उंच उठलेल्या, परंतु पाण्याबाहेर न आलेल्या पर्वताला शास्त्रज्ञ समुद्री पर्वत म्हणतात. त्यांतले बहुतेक ज्वालामुखी आहेत. काहींचे माथे सपाट असतात, कारण ते एके काळी पाण्याबाहेर होते, लाटांनी ते झिजवले आणि नंतर समुद्रतळ खचत गेला तसे ते खाली गेले. असे सपाट माथे हॅरी हेस या अमेरिकी भूवैज्ञानिकाला दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या जहाजावर असताना प्रतिध्वनीयंत्राच्या नोंदींत दिसले. लक्ष्मी खोऱ्यातला वाडिया पर्वत याच प्रकारचा आहे.

असे पर्वत जगात किती आहेत, याचे उत्तर अजून बदलते आहे. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून समुद्रतळाचा बारकाईने नकाशा काढण्याचे जे जागतिक काम 2017 पासून चालू आहे, त्यात आतापर्यंत तळाचा एक चतुर्थांशाहून थोडाच अधिक भाग आला आहे. कारण समजण्याजोगे आहे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. तळ साडेचार हजार मीटर खोल असेल तर एका हाकेचा प्रतिध्वनी यायला सहा सेकंद लागतात, आणि जहाजाला सगळा महासागर पट्ट्यापट्ट्याने नांगरल्यासारखा फिरावा लागतो. म्हणून शास्त्रज्ञांनी उपग्रहांची वाट धरली. पर्वताचे वस्तुमान आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढते आणि दोन हजार मीटर उंचीच्या पर्वतावर समुद्राचा पृष्ठभाग सुमारे दोन मीटर फुगलेला असतो. हा फुगवटा कित्येक किलोमीटरवर पसरलेला असल्यामुळे त्यावरून जाणाऱ्या जहाजाला कळतही नाही, पण उपग्रहाच्या रडारला तो मोजता येतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासाने 19 हजारांहून अधिक नवे पर्वत दाखवले आणि एकूण संख्या 43 हजारांच्या पुढे गेली. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनी सोडलेला स्वॉट हा उपग्रह आणखी लहान पर्वत टिपू लागला आहे. उपग्रहाला मात्र पर्वताची जागा आणि ढोबळ आकारच कळतो. त्याच्या कड्यांवर काय आहे हे तिथे उतरल्याशिवाय कळत नाही. या अज्ञानाची किंमत माणसांनीही मोजली आहे : 8 जानेवारी 2005 रोजी सॅन फ्रान्सिस्को ही अमेरिकी आण्विक पाणबुडी ग्वामच्या दक्षिणेस पूर्ण वेगात अशाच एका पर्वतावर आदळली, एक नौसैनिक दगावला आणि सुमारे शंभर जण जखमी झाले.

आता या पर्वतांवरच्या जीवांविषयी. खोल समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी मऊ गाळाचा असतो. प्रवाळ आणि स्पंज यांना चिकटून राहायला कठीण खडक लागतो आणि तो खोल समुद्रात मुख्यतः या पर्वतांवरच मिळतो. तळाजवळचा प्रवाह पर्वताला अडला की तो वळतो, वेग घेतो आणि खालचे पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर ढकलतो. काही ठिकाणी माथ्यावर पाण्याचा एक भोवरा दीर्घकाळ फिरत राहतो आणि त्यात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, अडकून पडतात. रात्री वर आलेले सूक्ष्म जीव पहाटे खाली परतताना उथळ माथ्यावर अडतात आणि तिथे टपून बसलेल्या माशांचे भक्ष्य होतात. म्हणूनच टुना आणि शार्क अशा माथ्यांभोवती जमतात, आणि लांबच्या प्रवासाला निघालेले देवमासेही तिथे रेंगाळतात.

अशा ठिकाणी आयुष्य फार मंद गतीने चालते. हवाई बेटांजवळ खोल पाण्यातल्या काळ्या प्रवाळाच्या एका वसाहतीचे वय चार हजार वर्षांहून अधिक भरले. ऑरेंज रफी नावाचा मासा दीडशे वर्षांच्या पुढे जगू शकतो आणि साधारण तिशीत पोहोचल्यावर प्रथम अंडी देतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या जहाजांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्री पर्वतांवर जमणाऱ्या या माशांच्या थव्यांवर जाळी ओढली आणि साठे पाहता पाहता खचले. 2000 च्या सुमारास हीच धाव हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागातील पर्वतांकडे वळली आणि काही हंगामांतच ओसरली. मासे गेले तेवढ्यावर हे थांबले नाही; तळावरून ओढलेल्या अवजड जाळ्यांनी प्रवाळांची वनेही मोडली. टास्मानियाच्या दक्षिणेला ज्या पर्वतांवर अशी मासेमारी बंद केली, तिथे अनेक वर्षांनीही प्रवाळ परतल्याची फारशी चिन्हे दिसली नाहीत. याउलट उत्तर प्रशांत महासागरात 30 ते 40 वर्षे संरक्षण मिळालेल्या काही पर्वतांवर प्रवाळ पुन्हा वाढताना 2019 च्या एका अभ्यासात नोंदले गेले. या दोन निष्कर्षांत विरोध आहे असे मला वाटत नाही. जखम कुठे भरते, कुठे भरत नाही आणि किती काळात भरते, हे त्याच जागी परत परत जाऊनच कळते, आणि दोन्ही ठिकाणी कोणीतरी परत गेले म्हणूनच आपल्याला ते ठाऊक आहे.

परत जाण्याने काय साधते याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या डेव्हिडसन पर्वताचे आहे. 2018 मध्ये त्याच्या पायथ्याशी, सुमारे 3,200 मीटर खोलीवर, शास्त्रज्ञांना हजारो माद्या असलेली ऑक्टोपसची एक प्रचंड वसाहत सापडली. नुसते छायाचित्र घेऊन ते थांबले असते तर ती एक नवलाची बातमी ठरली असती. पण ते तिथे पुन्हा पुन्हा गेले, पाण्याचे तापमान मोजणारी उपकरणे त्यांनी ठेवली, एकेका मादीला तिच्या अंगावरच्या खुणांनी ओळखून तिच्या अंड्यांवर लक्ष ठेवले. तेव्हा उलगडा झाला की तिथे खडकाच्या फटींतून कोमट पाणी झिरपते आणि त्या उबेमुळे अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. आसपासच्या थंड पाण्यात त्यांना पाच ते आठ वर्षे किंवा त्याहूनही अधिक लागली असती. अशा फटीवर खाणकामाने उडवलेल्या गाळाचा थर बसला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण ओरेगनच्या किनाऱ्यापासून सुमारे 480 किलोमीटरवर असलेल्या अ‍ॅक्सियल या जिवंत ज्वालामुखीय पर्वताचे. तो 1998, 2011 आणि 2015 मध्ये उसळला. त्याच्या माथ्यापर्यंत किनाऱ्यावरून वीज आणि माहिती वाहून नेणारी तार टाकली आहे. दाबमापक, भूकंपमापक आणि कॅमेरे तिथे अहोरात्र चालू असतात आणि लाव्हा खाली साचू लागला की तळ किती वर उचलला जातो, याची नोंद किनाऱ्यावर बसून पाहता येते. 2015 च्या उद्रेकाच्या वेळी ही यंत्रणा कामात होती. अशी तार प्रत्येक पर्वतावर टाकणे शक्य नाही. पण निदान एका पर्वताविषयी तरी आपल्याला वर्षभराचे, सर्व ऋतूंचे ज्ञान हवे, ही त्यामागची भूमिका आपणही स्वीकारू शकतो.

विदर्भातल्या वाचकाला हे लगेच पटेल. ताडोबा किंवा पेंचमध्ये एकदा जाऊन वाघ पाहणे ही सहल झाली. ठरलेल्या जागी कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखून, ठराविक काळाने तीच मोजणी पुन्हा करणे हे निरीक्षण झाले. समुद्री पर्वतांच्या बाबतीत आपण अद्याप बहुतांशी सहलीच्याच पायरीवर आहोत.

आता खाणीचा प्रश्न. पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरपर्यंत गेलेल्या रशियन व्यापाऱ्याचे नाव मिळालेला अफनासी निकितीन पर्वत विषुववृत्ताच्या थोडा दक्षिणेला आहे. सुमारे 4,800 मीटर खोलीच्या तळावर तो 400 किलोमीटर लांब आणि 150 किलोमीटर रुंद पसरला आहे. त्याच्या खडकावर लोह आणि मँगनीज यांचे कवच आहे, त्यात कोबाल्ट आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यासही केलेला आहे. असे कवच दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढते. ते खडकाला घट्ट चिकटलेले असते आणि त्याच खडकावर प्रवाळ व स्पंज राहतात, त्यामुळे कवच खरवडून काढताना त्या जीवांना बाजूला ठेवण्याची सोयच नाही. आपल्याकडे खाण संपल्यावर माती पसरून झाडे लावली जातात आणि ती किती जगतात हा वादाचा विषय असतो. समुद्रात लावायला रोपवाटिकाही नाही.

जपानने जुलै 2020 मध्ये ताकुयो-दाइगो या समुद्री पर्वतावर कवच काढण्याची चाचणी घेतली. सुमारे दोन तासांत, साधारण 120 मीटर लांबीच्या पट्ट्यात ती आटोपली. वर्षभराने शास्त्रज्ञांनी तिथे पाहणी केली, तेव्हा गाळ बसलेल्या भागात मासे आणि पोहणारे इतर जीव सुमारे 43 टक्क्यांनी, तर लगतच्या भागात सुमारे 56 टक्क्यांनी कमी आढळले. एका चाचणीवरून सर्वत्र असेच होईल असे कोणी म्हणू नये, आणि त्या शास्त्रज्ञांनीही तसे म्हटलेले नाही. पण दोन तासांच्या कामाचा परिणाम वर्षभराने दिसत असेल, तर वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामाचा अंदाज बांधण्यापूर्वी आपल्याजवळ भरपूर आधीच्या नोंदी हव्यात, एवढे तरी त्यातून निघते.

मी खाणीच्या विरोधात नाही. कोबाल्ट बॅटऱ्यांसाठी लागतो, जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो, आणि एखाद्या देशाने स्वतःची सोय पाहावी यात गैर काही नाही. परवाना मिळाला तरी तो शोधाचा असेल, उत्खननाचा नव्हे. प्राधिकरणाच्या नियमांनुसार अशा परवान्यात 3,000 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 15 वर्षांसाठी मिळते आणि त्या काळात तिथल्या पर्यावरणाची पायाभूत माहिती गोळा करणे परवानाधारकावर बंधनकारक असते. माझा आग्रह या अटीच्या गांभीर्याविषयी आहे. ही माहिती खनिजाच्या नमुन्यांबरोबर जाता जाता गोळा केलेली नसावी. तिच्यासाठी जीवशास्त्रज्ञांच्या स्वतंत्र मोहिमा हव्यात, मान्सूनच्या आधी आणि नंतरच्या. त्याच कड्यांची, त्याच उतारांची छायाचित्रे वर्षागणिक घेतली जावीत. प्रवाह, प्राणवायू आणि गाळ मोजणारी उपकरणे तळाशी नांगरून ठेवली जावीत. पाण्यातील जनुकीय अंशांवरून जीवांची यादी करण्याचे तंत्र वापरले जावे. शिवाय, ज्या भागाला कधीच हात लावायचा नाही असा तुलनेसाठीचा भाग पहिल्या दिवशीच आखला जावा, आणि तो कवच पातळ आहे म्हणून निवडलेला नसावा.

कोळशाची खाण उघडायची तर इथे जनसुनावणी होते. ती कशी होते याविषयी तक्रारी असतात, पण गावकरी उभा राहून बोलू तरी शकतो. अफनासी निकितीनच्या उतारावर गाव नाही. म्हणून तिथल्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असणे हीच तिथली सुनावणी मानली पाहिजे. प्राधिकरणाने 2019 मध्ये परवानाधारकांची पर्यावरणविषयक माहिती पाहता येईल असा संग्रह सुरू केला आहे. आपल्या देशातही मोहिमांची छायाचित्रे आणि मोजमापे ठराविक मुदतीत जाहीर व्हावीत, विद्यापीठांना ती अर्ज न करता मिळावीत, आणि त्यांचा सोपा आढावा मराठीसह भारतीय भाषांत निघावा. राष्ट्रीय अधिकारक्षेत्राबाहेरील सागरी जैवविविधतेचा जो करार 17 जानेवारी 2026 पासून अमलात आला, त्यावर भारताने सप्टेंबर 2024 मध्ये स्वाक्षरी केलेली आहे. माहितीची देवाणघेवाण हा त्या कराराचाही गाभा आहे.

साधने आपल्याजवळ येत आहेत. केंद्र सरकारने 2021 मध्ये खोल समुद्र मोहिमेसाठी 4,077 कोटी रुपये मंजूर केले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत तयार होत असलेली मत्स्य 6000 ही पाणबुडी तीन माणसांना 6,000 मीटर खोल नेण्यासाठी आहे. तिच्या सुरुवातीच्या काही वैज्ञानिक फेऱ्या खनिजांसाठी न ठेवता लक्ष्मी खोऱ्यातल्या पर्वतांवरील जीवांसाठी राखून ठेवाव्यात, अशी माझी विनंती आहे. हे पर्वत आपल्या किनाऱ्यापासून तुलनेने जवळ आहेत, तिथे दरवर्षी परत जाणे परवडू शकते, आणि दूरच्या पर्वतावर करायच्या कामाचा सराव तिथे होऊ शकतो. त्याच ओघात अँग्रिया बँकेचीही आठवण करून द्यावीशी वाटते. कान्होजी आंग्र्यांचे नाव असलेला, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून थोडा पुढे असलेला हा बुडालेला प्रवाळमय उंचवटा समुद्री पर्वताच्या व्याख्येत बसत नाही, तो खूपच उथळ आहे. पण महाराष्ट्राच्या समोर असलेल्या या समृद्ध जागेला संरक्षण द्यावे, ही सूचना जुनी आहे आणि राज्य सरकारने ती केंद्राकडे नेटाने लावून धरली पाहिजे.

शेवटी नागपूरकरांकडे वळतो. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे कार्यालय, मँगनीज काढणाऱ्या मॉयल कंपनीचे मुख्यालय आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था ही सगळी या एका शहरात आहेत. खाणीचे पर्यावरणीय हिशेब तपासण्याचा इतका अनुभव देशात दुसऱ्या शहरात एकत्र मिळणे कठीण आहे. समुद्रतळावरील खाणीची नियमावली ठरताना या संस्थांतील तज्ज्ञांना समुद्रजीवशास्त्रज्ञांच्या शेजारी बसवावे, असे मी संबंधित मंत्रालयाला सुचवीत आहे. आपल्या विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनीही गोव्याच्या संस्थेशी बोलून, एखाद्या मोहिमेत दोन-तीन विद्यार्थी जहाजावर जाऊ शकतील अशी व्यवस्था करावी. समुद्र न पाहिलेल्या मुलांनी समुद्रविज्ञानात जाऊ नये असे कुठे लिहिलेले नाही. रामन विज्ञान केंद्र ज्यांच्या नावाने चालते, त्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 च्या सागरप्रवासात पाण्याच्या निळाईचा प्रश्न मनावर घेतला होता, आणि त्यांच्या नावाचा एक पर्वत अरबी समुद्राच्या पोटात आहे. त्या पर्वताची प्रतिकृती, त्याच्या शेजारी सीताबर्डीच्या बेसाल्टचा तुकडा आणि भारतीय मोहिमांनी काढलेली खोल समुद्रातील जीवांची छायाचित्रे, अशी एक कायमस्वरूपी मांडणी रामन विज्ञान केंद्राने करावी. त्यासाठी लागणारे दगडांचे नमुने आणि माहिती देण्यास माझ्यासारखे इथले अनेक निवृत्त शिक्षक आनंदाने तयार होतील.

आपला,
भूगर्भशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
धरमपेठ, नागपूर